वय ४३, दिवसभर गादीवर बसून काम, पळायला सुरू करायचंय पण अर्ध्या राउंडात दम जायलाय

मोंढेकरी (लातूर)

राम राम मंडळी. मोंढ्यात आडत दुकान आहे आपलं. वय ४३, वजन ९२, उंची बेताचीच. सकाळी सौद्याला उठून जायचं तेवढंच काय ते चालणं, मग संध्याकाळपर्यंत गादीवर बैठक, फोन कानाला, आणि दर थोड्या वेळानं कुणीतरी शेतकरी नाहीतर व्यापारी येतो की लगेच चहा, आणि समोरच्याला दिला की आपल्यालाही घ्यावाच लागतो. बीपीची गोळी चालू आहे, शुगर बॉर्डरवर आलीय म्हणाले. कॉलेजात कबड्डी खेळायचो, त्यानंतर पळणं म्हणजे एसटी सुटायला लागली तर तेवढंच.

आता पेरण्या चालू आहेत म्हणून मोंढ्यात आवक कमी आहे, दसऱ्याच्या पुढं सोयाबीन सुरू झालं की मग डोकं वर काढायला वेळ नसतो, म्हणून म्हटलं ह्या दोन-तीन महिन्यांत काहीतरी अंगवळणी पाडून घ्यावं. पहाटे क्रीडा संकुलावर जायलोय. तिथं पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं असतात, त्यांच्यामागं सुरू केलं तर अर्ध्या राउंडात छातीचा भाता झाला, पोटात उजवीकडं अशी चमक निघाली की गुडघ्याला हात लावून उभाच राहिलो. एक पोरगं जाता जाता म्हणालं, काका बसा जरा.

तर विचारायचं हे की ह्या वयात सुरू होतं का हे, का नुसतं चालावं? मेव्हणे म्हणायलेत गुडघे जातील, घरची म्हणतीय ट्रेडमिल घ्या, म्हणजे नंतर त्याच्यावर कपडे वाळत घालायला बरं. आणि बूट कसले घ्यावेत तेही सांगा. जाणकारांनी सांगावं, उगं चेष्टा नको.

रांगडा_बीड

शेठ सगळा मनाचा खेळ हाय. आमच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचं पोरगं अविनाश साबळे, कुठं होतं आणि कुठं गेलं. २०२२ ला बर्मिंगहॅमला कॉमनवेल्थमध्ये स्टीपलचेसचं, म्हणजे अडथळ्यांवरून आणि पाण्यावरून उड्या मारत पळायच्या शर्यतीचं सिल्व्हर, पहिल्या नंबरचा केनियावाला फक्त ०.०५ सेकंदानं पुढं. पुढच्या वर्षी हांगझोऊला एशियन गेम्समध्ये डायरेक्ट गोल्ड. तोबी कधीकाळी वजन वाढलेलाच होता. दम लागला की थांबायचं नाही, दम मोडायचा, आठ दिवसांत लाइनीवर येतंय सगळं. ट्रेडमिल बिडमिल काय घेऊ नका.

सोळाशे_मीटर (मूळ सेनगाव, सध्या लातूर)

रांगडाभाऊ साबळे सरांचं नाव घेतलं की आमची छाती बी फुगती, पण काकांला त्यांचं उदाहरण देऊ नका. ते लहानपणी शाळेला सहा किलोमीटर पायी नाहीतर पळत जायाचे, बारावी झाल्यावर मिलिटरीत गेले, महार रेजिमेंटला, सियाचीनला राहिले, राजस्थानच्या वाळूत राहिले, त्यानंतर हे पळणं. वजन वाढलं व्हतं तरी खाली पाया केवढा पक्का. काका वीस वर्षं गादीवर हाईत.

काका, तुमची गडबड कुठं होऊ लागली ते सांगतो. भरतीला आमचं सोळाशे मीटर पळायचं ग्राउंड असतंय, वीस मार्क त्याचे, चांगली पोरं पाच-सव्वापाच मिनिटांत मारतेत, म्हंजी चारशे मीटरचा एक राउंड ऐंशी सेकंदाच्या आत. त्यांच्यामागं तुमी लागलात तर अर्धा राउंड गेलात हेच लई झालं, आमच्यातली नवी पोरं बी तिथंच बसतेत. तुमी एक राउंड साडेतीन मिनिटांत मारा. साडेतीन. कुणी चालत बी तुमच्याबरोबर येईल एवढं हळू. लाज वाटंल पण ग्राउंडवर कुणी बघत नसतंय बरं का, ज्याला त्याला आपल्या टायमिंगची आणि लेखीची पडलेली असती.

आणि ते पोटात चमक निघती ती चहा पिऊन आल्यामुळं असू शकती, नाहीतर धापा टाकत वरवर श्वास घेतल्यानं. थांबून चालायचं, तोंडानं पूर्ण श्वास सोडायचा, दुखतंय तिथं बोटं दाबून धरायची, जाती.

नडगी_घोटा_गुडघा (संभाजीनगर)

मी फिजिओथेरपिस्ट आहे, माझ्याकडे येणाऱ्यांत 'दम मोडायला' गेलेले बरेच असतात म्हणून जरा सविस्तर लिहिते. रांगडाभाऊ, राग नसावा.

मोंढेकरी दादा, सुरू करण्याआधी एक काम. वय चाळीशीच्या पुढे, बीपी, शुगर बॉर्डरवर, म्हणजे डॉक्टरांना 'मी पळायला सुरू करतोय' असं सांगून ईसीजी वगैरे काय लागेल ते करून घ्या. आणि तुमची गोळी कुठली ते बघा. अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल ह्या जातीची असेल तर ती हृदयाचे ठोके मुद्दाम कमी ठेवते, मग ठोके जास्तीत जास्त किती जातात त्याचं ते घड्याळातलं २२० वजा वय वालं गणित तुम्हाला लागू होत नाही, तो आकडा गाठायला गेलात तर उगाच फरफट होईल. शुगरची गोळी पुढे सुरू झालीच तर तेही विचारा, कारण नुसत्या मेटफॉर्मिनवर शुगर सहसा एकदम खाली जात नाही पण ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन असेल तर उपाशीपोटी पळताना जाऊ शकते, खिशात खडीसाखर ठेवावी लागते. पळताना छातीत दडपण, डावा हात किंवा जबडा दुखणं, डोळ्यापुढे अंधारी, असं काहीही झालं तर तिथेच थांबायचं आणि दवाखाना गाठायचा, 'गॅस असेल' म्हणून सोडा प्यायला जायचं नाही. आपल्याकडे हे फार होतं.

आता दमाचं. दम हा वेगाचा प्रश्न आहे, वयाचा नाही. पळता पळता शेजारच्याशी एक पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, सोयाबीनचा भाव सांगता आला पाहिजे म्हणा. नाही आला तर वेग जास्त आहे, बास. घड्याळ, ॲप काही लागत नाही त्याला.

आधी पंधरा दिवस नुसतं भरभर चालणं, अर्धा तास न थांबता जमेपर्यंत. मग पाच मिनिटं चालून अंग गरम करायचं, त्यानंतर एक मिनिट हळू पळणं आणि दीड मिनिट चालणं असं वीस मिनिटं आलटून पालटून. आठवड्यात तीनच दिवस, मध्ये एक दिवस सोडून. ही माझी युक्ती नाही, जॉश क्लार्क नावाच्या अमेरिकन माणसानं १९९६ मध्ये हा कार्यक्रम बनवला, काउच टू फाइव्ह के म्हणतात त्याला, कोचावरून उठून पाच किलोमीटरपर्यंत. नऊ आठवड्यांत सलग अर्धा तास पळण्यापर्यंत नेतो. पण नऊच आठवड्यांत झालं पाहिजे असं कुणी सांगितलेलं नाही, ९२ किलोला एखादा आठवडा दोनदा तीनदा करावा लागेल, करा. चालणं मध्ये आलं म्हणजे हरलो असं वाटून घेऊ नका, जेफ गॅलोवे हा १९७२ च्या ऑलिम्पिकमध्ये धावलेला माणूस पुढे आयुष्यभर लोकांना पळणं-चालणं-पळणं हेच शिकवत राहिला, मॅरेथॉनसुद्धा त्याच पद्धतीनं.

सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे कुणी सांगत नाही. दम तीन-चार आठवड्यांत सुधारतो. हाडं, पोटरीचे आणि टाचेचे स्नायुबंध ह्यांना मात्र महिने लागतात. म्हणून माझ्याकडे पेशंट येतात ते पहिल्या आठवड्यात नाही, पाचव्या-सहाव्यात. तोपर्यंत छाती म्हणत असते चल अजून दोन राउंड, आणि नडगी तयार नसते. 'आता मस्त वाटतंय' असं ज्या दिवशी वाटेल त्या दिवशी जास्त पळायचं नाही.

नडगी दुखली तर दुखतंय कसं ते बघा. हाताचा पंजा ठेवावा एवढ्या लांबीत दुखत असेल तर चार-आठ दिवस विश्रांती, मग कमी करून परत सुरू. एकाच जागी, एक बोट ठेवून 'इथंच' असं दाखवता येत असेल आणि रात्रीही ठणकत असेल तर पळणं पूर्ण बंद आणि दाखवून घ्या, हाडाला बारीक चीर असू शकते.

मेव्हण्यांना सांगा, २०१७ मध्ये ह्याच विषयावरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा निघाला होता, त्यात हौशी पळणाऱ्यांत गुडघा-खुब्याच्या सांध्यांची झीज ३.५ टक्के, न पळणाऱ्या बैठ्या लोकांत १०.२ टक्के आणि स्पर्धेसाठी जोरात पळणाऱ्यांत १३.३ टक्के सापडली. म्हणजे गादीवर बसूनही गुडघे जातात. अर्थात ज्यांचे गुडघे दुखतात ते मुळात पळायलाच जात नाहीत, हेही त्यात असणार, त्यामुळे पळून गुडघे वाचतात असा उलटा अर्थ मी काढणार नाही. आणि आधीच सूज किंवा जुनी कबड्डीची दुखापत असेल तर आधी तपासा.

मोंढेकरी (लातूर)

ताई एवढं कुणी दवाखान्यात पैसे घेऊन पण सांगत नाही, धन्यवाद. गोळीचं पाकीट बघितलं, मेटोप्रोलॉलच निघाली. मुलानं वाढदिवसाला घड्याळ दिलंय त्यात माझे ठोके कमी दाखवायचं तर मी खुश होतो की तब्येत भारी आहे म्हणून.

कबड्डीत गुडघा नाही, खांदा गेला होता. डॉक्टरांकडे सोमवारी जातो. वजनाचं पण सांगा, कितपत उतरेल?

कृषीविद्यापीठ_फेरी (परभणी)

मी निवृत्त माणूस. कृषी विद्यापीठाच्या परिसरात रोज चालायला जातो, झाडी आहे, गर्दी नाही, हिवाळ्यात परभणीचा पारा एक आकडी होतो तेव्हा कानटोपी घालून जातो पण चुकवत नाही. माझा प्रश्न साधा आहे, पळायचंच कशाला? पैठणहून नाथांच्या पालखीबरोबर पंढरपूरला जाणारी साठी-सत्तरीची माणसं बघा, बायका बघा, त्यांनी कुठलं ॲप लावलं होतं? जागतिक आरोग्य संघटनासुद्धा आठवड्याला दीडशे ते तीनशे मिनिटं मध्यम व्यायाम पुरे म्हणते, भरभर चालणं त्यात बसतं. आजकाल कुणालाही उठसूट मॅरेथॉनचं मेडल गळ्यात घालून फोटो टाकायचा असतो. सहा महिने चाला, वजन ऐंशीवर आलं की मग पळायचं की नाही ते ठरवा.

नडगी_घोटा_गुडघा (संभाजीनगर)

काका तुमचं खोटं नाही. चालण्यानं भागतं. फक्त तीच संघटना जोरदार व्यायाम असेल तर ७५ ते १५० मिनिटं पुरे म्हणते, म्हणजे वेळ निम्मा, आणि मोंढ्यातल्या माणसाला वेळाचाच तर प्रश्न आहे. शिवाय दादांना पळावंसं वाटतंय, हेही एक कारण आहेच की.

वजनाचं ढोबळ गणित असं, एका किलो वजनाला एका किलोमीटरला साधारण एक कॅलरी. ९२ किलोचा माणूस तीन किलोमीटर पळाला की पावणेतीनशे कॅलरी. आता दोन चमचे साखरेचा चहा म्हणजे नुसत्या साखरेच्याच चाळीस. सहा कप झाले की दोनशे चाळीस, त्यात दूध धरलंच नाही. तुमचं पळणं गादीवरच्या चहात जातं. वजन उतरवायचं असेल तर ते चहापासून सुरू होईल, पळण्यानं बीपी, झोप, शुगर ह्याला फायदा होईल तो वेगळा.

रांगडा_बीड

ताई राग कसला, पटलं. पण चहा सोडा म्हणलात तर मोंढा बंद पडंल.

घाटावरची (अंबाजोगाई)

मी शिक्षिका आहे, पस्तिशीनंतर सुरू केलं. इथे सगळे पुरुषांच्या बाजूने बोलताय म्हणून थोडं लिहिते कारण वाचणाऱ्यांत बायकाही असतील. पहिली अडचण दमाची नसतेच, गल्ली पार करायची असते. पंजाबी ड्रेस आणि ओढणी कमरेला बांधून जायचे तेव्हा समोरच्या काकू रोज विचारायच्या, एवढ्या पहाटे कुठं गं, सगळं बरंय ना घरी? ट्रॅक पँट घालायला लागल्यावर विचारायच्याच बंद झाल्या, नुसतं बघायच्या. आता त्यांची सून येते माझ्यासोबत.

स्पोर्ट्स ब्रा नीट मापाची घ्या, बुटांच्या आधी. आणि पळताना वाजवीपेक्षा जास्त धाप लागत असेल, जिना चढतानाही लागत असेल तर हिमोग्लोबिन तपासा. माझं कमी निघालं होतं आणि मी आपली समजत होते की माझ्यात स्टॅमिनाच नाही. एकटीनं अंधारात जाऊ नका, उजाडल्यावर जा नाहीतर मेडिकल कॉलेजसारख्या परिसरात जिथं माणसं असतात तिथं जा.

कुत्र्यांचं कुणीच लिहिलं नाही. कुत्रं अंगावर आलं तर पळायचं नाही, चालायलाही घाई करायची नाही, थांबायचं, त्याच्याकडे तोंड ठेवून हळूहळू बाजूला व्हायचं. हातात छोटी काठी असली की बरं, मारायला नाही, नुसती असू द्यावी. चावलंच तर साबण लावून पंधरा मिनिटं नळाखाली धुवायचं आणि त्याच दिवशी इंजेक्शन, हळद-तेल नाही.

आमच्याकडे बालाघाटाचे चढउतार आहेत, मुकुंदराजांच्या समाधीकडे जाताना उतार छान वाटतो पण गुडघ्यावर आणि मांडीवर जास्त जोर उतारालाच येतो. नवीन असताना चढ चालत चढा आणि उतारही चालतच उतरा. लातूर सपाट आहे, तुमचं बरं आहे.

मोंढेकरी (लातूर)

काकूंची सून येती हे वाचून घरच्यांना दाखवलं. म्हणाली मी येईन पण पळणार नाही, बाकड्यावर बसून बघीन. पार्कात येती का म्हटलं तर नाही, संकुलावरच यायचंय तिला, माझी फजिती बघायला.

डॉक्टरकडं जाऊन आलो. ईसीजी चांगला निघाला, हळू सुरू करा म्हणाले, गोळी बंद करायची नाही म्हणाले. चहा अर्धा कप आणि बिनसाखरेचा केलाय, हमालांत चर्चा चालू आहे की शेठला साखर झाली म्हणून. बुटाचं राहिलं. आणि पावसात कुठं पळायचं? माझ्या शेताकडच्या पांदीनं, म्हणजे गाडीवाटेनं जायचा विचार होता.

सोळाशे_मीटर (मूळ सेनगाव, सध्या लातूर)

पांदीनं जाऊ नका काका, काळी माती हाय, पाऊस पडला की बुटाला दोन-दोन किलो चिखल धरती, आणि उन्हाळ्यात भेगा पडतेत त्यात पाय गेला की घोटा मुरगळला समजा. मुरमाड रस्ता असंल तर लई भारी, तो ना डांबरासारखा कडक ना मातीसारखा धरणारा. नसंल तर संकुल बरं.

बूट संध्याकाळी घ्यायला जा, दिवसभरात पाय थोडे फुगलेले असतेत. पुढं अंगठ्याच्या समोर एक बोटभर जागा पाहिजे. दुकानदाराला रनिंगचे म्हणून सांगा, तो क्रिकेटचे नाहीतर फॅशनचे जाड तळाचे दाखवतो, ते नको. दोन-अडीच हजाराच्या आसपास बरे मिळतेत. आम्ही पोरं हलके पातळ तळाचे घालतो ते बघून तसले घेऊ नका, तुमच्या वजनाला चालत नाहीत. ओले झाले की आत रद्दी कोंबून पंख्याखाली ठेवायचे, उन्हात नाही, चिकटवलेलं सुटतंय.

कृषीविद्यापीठ_फेरी (परभणी)

बूट घेताना मोजे सुती घेऊ नका, घामानं भिजून फोड येतात. हे मी चालणाऱ्याच्या अनुभवावरून सांगतो, पळण्याला माझा विरोध कायम आहे.

मोंढेकरी (लातूर)

काका तुमचा विरोध मान्य, पंधरा दिवस तरी तुमच्याच पक्षात आहे, नुसतं चालायलोय. आषाढी एकादशीला उपवास असतो माझा, त्या दिवशी जाऊ का?

नडगी_घोटा_गुडघा (संभाजीनगर)

सुट्टी घ्या, नाहीतर सकाळी अर्धा तास चाला आणि लिंबू-मीठ-साखर पाणी प्या. निर्जळ करत असाल तर तेही नको. आणि साबुदाण्याची खिचडी उपवासाची असली तरी हलकी नसते हे आपलं सांगून ठेवते.

सोळाशे_मीटर (मूळ सेनगाव, सध्या लातूर)

काका एक सांगायचं राहिलं, राग मानू नका. संकुलावर आतल्या पहिल्या-दुसऱ्या लेनीत येऊ नका, तिथं आमचं टायमिंग चालू असतंय, मागून पोरगं जोरात येतंय आणि तुमी मधी चालू लागलात की दोघं बी पडतेत. बाहेरच्या लेनीनं राहा. फक्त हिशोब ध्यानात ठेवा, आतल्या लेनीत राउंड चारशे मीटर असतो, आठव्या लेनीत साडेचारशेच्या वर भरतो. म्हंजी साडेतीन मिनिटं म्हणलो ते बाहेरून चारच्या जरा खाली धरा. आणि ते 'काका बसा जरा' म्हणणारं पोरगं आमच्याच रूमवर हाय, त्याला दाखवलं हे सगळं. सॉरी म्हणतोय.